टेकडीखालच्या बागेत 'ब्रॅडली पद्धत' चालेल का? घाणेरी, सुबाभूळ आणि काकांच्या नंतरचं काम

पायथा

नमस्कार मंडळी. पुण्यात एका टेकडीच्या पायथ्याला महापालिकेची जुनी बाग आहे, साधारण चार एकर. खालचा भाग नेहमीसारखा: हिरवळ, बाकडी, चालायचा ट्रॅक. प्रश्न वरच्या उताराचा आहे. तिथे घाणेरी (लँटाना) माजली आहे आणि मधूनमधून सुबाभूळ, उंदीरमारी (ग्लिरिसिडिया), तिन्ही परदेशी. एका कोपऱ्यात मात्र अर्धाएक एकराचा पट्टा अजून चांगला आहे. पळस, मेडशिंग, बारतोंडी, हेंकळ, करवंदीच्या जाळ्या आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत. हा कोपरा टिकला तो एका काकांमुळे. वीस-पंचवीस वर्षं रोज सकाळी खुरपं आणि पिशवी घेऊन ते एकटेच तिथे काम करत आले आहेत. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून आम्ही आठ-दहा जण रविवारी दोन तास जातो.

काकांचं म्हणणं, चांगल्या कोपऱ्याच्या कडेकडेने सरकत जा, घाई करू नका. गटातल्या बाकीच्यांना वाटतं सगळ्यात वाईट भाग आधी साफ करावा, म्हणजे लोकांना काम दिसेल. प्रभागातले एक कार्यकर्ते दोन दिवस जेसीबी देतो म्हणतात, शिवाय ५ जूनला, पर्यावरण दिनाला, २०० रोपंही. (मागच्या २०० पैकी मेअखेर बोटांवर मोजण्याइतकी उरली.)

सिडनीच्या ब्रॅडली भगिनींची पद्धत काकांसारखीच होती असं गटात कुणीतरी म्हणालं. खरं आहे का? इथल्या मुरमाड उतारावर ती चालेल का? घाणेरी पुन्हा फुटू नये म्हणून नेमकी कुठे तोडायची? सुबाभळीचं काय करायचं? रोपं घ्यावीत की नकोत? जाणकारांनी सांगावं.

रानवाट

काका बरोबर आहेत. जेसीबीला हात जोडून नाही म्हणा.

आयलीन आणि जोन ब्रॅडली या दोघी बहिणी सिडनी बंदराच्या काठी मॉसमन भागातल्या. घराजवळच्या अ‍ॅश्टन पार्कमध्ये त्या रोज फिरायला जात. (हे पार्क ज्या भूशिरावर आहे त्याला ब्रॅडलीज हेड म्हणतात. ते नाव मात्र या बहिणींवरून नाही, १७८८ साली आलेल्या पहिल्या ताफ्यातल्या विल्यम ब्रॅडली या नौदल अधिकाऱ्यावरून आहे. इंटरनेटवर हा घोळ बऱ्याचदा दिसतो.) १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की कामगार ठरावीक काळाने येऊन तण सपाट छाटून जातात आणि पुढच्या खेपेला तेच तण जास्त दाट होऊन उभं असतं. उलट, चालताना वाटेकडेची चार-दोन तणं त्या हाताने उपटत होत्या, तिथे स्थानिक झुडपं आपसूक वर येत होती. त्यावरून त्यांनी पद्धत बसवली, १९७१ मध्ये त्यावर छोटी पुस्तिका निघाली. आयलीन १९७६ मध्ये गेली. जोनने त्यानंतरही काम चालू ठेवलं, दुसऱ्यांना शिकवलं. ती १९८२ मध्ये गेली. आजही ऑस्ट्रेलियात हे काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी त्यांचे तीन नियम सांगतात.

पहिला: चांगल्या भागाकडून वाईट भागाकडे जायचं. दुसरा: माती कमीत कमी हलवायची, आणि हललीच तर वरचा पालापाचोळा परत जागेवर पसरायचा. तिसरा, आणि लोक नेमका हाच विसरतात: स्थानिक झाडोरा जितक्या वेगाने जागा भरून काढेल तितक्याच वेगाने तण काढायचं. म्हणजे पुढच्या चौकोनाला हात कधी लावायचा हे आपण ठरवत नाही, मागचा चौकोन ठरवतो.

कारण समजून घ्या. घाणेरीखाली अंधार असतो, पण जमिनीत बी भरपूर असतं. तुम्ही एकदम एक एकर उघडलात की ऊन थेट जमिनीवर येतं, आणि त्या उन्हाचा फायदा सगळ्यात आधी घेतं गाजर गवत, कॉसमॉस, विलायती तुळस आणि घाणेरीचंच बी. देशी गवताचं बी तिथे नसेल तर ते येणार कुठून? चांगल्या कोपऱ्याला लागून दोन-तीन मीटरची पट्टी उघडली, तर शेजारच्या गवताचं बी वाऱ्याने आणि पावसाच्या पाण्याने तिथवर पोचतं. म्हणून कड धरून सरकायचं. चांगल्या भागात तुरळक घुसलेली घाणेरी तर त्याच्याही आधी काढायची. तासाभराच्या कामात तिथे सगळ्यात मोठा भाग सुरक्षित होतो, आणि नेमकं हेच काम कुणाला 'दिसत' नाही.

जेसीबी नको याचं कारण दुसऱ्या नियमात आहे. बकेटने ओढलं की घाणेरीची मुळं अर्धवट तुटून राहतात, फांद्यांचे तुकडे ओल्या मातीत गाडले जातात आणि तिथून फुटतात. वर उताराची चार बोटं माती एका जोरदार पावसात खालच्या ट्रॅकवर येते.

आता आपल्याकडचे फरक. सिडनीत वर्षाला साधारण १,२०० मिमी पाऊस, तोही बाराही महिने थोडाथोडा. पुण्यात सातशेच्या आसपास, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्यामुळे तिथे वर्षभर चालणारं काम आपल्याकडे हंगामात बसवावं लागतं. उपटायचं काम जमीन ओली असताना, म्हणजे जूनअखेर ते सप्टेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फेरतपासणी आणि बी गोळा करणं. जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी). मार्च ते मे उतारावर फारसं काही करू नये, कारण तेव्हा उघडी केलेली माती नुसती तापते आणि पहिल्या वळवात वाहून जाते.

मोजणीसाठी दोरीने १० मीटर बाय १० मीटरचे चौकोन आखा. चार एकर म्हणजे सुमारे १६,००० चौरस मीटर, तुमचा उतार त्यातला निम्मा धरला तर ८० चौकोन. पहिल्या पावसाळ्यात सहा ते आठच्या वर उघडू नका. आठ-दहा जणांना ते कमी वाटेल. पण प्रत्येक उघडलेल्या चौकोनाची फेरतपासणी तीन आठवड्यांनी, मग दीड महिन्याने, मग ऑक्टोबरात आणि पुढच्या जूनमध्ये असतेच. आठ चौकोनांना त्याच हंगामात चोवीस फेऱ्या होतात. वीस उघडलेत तर फेऱ्याच होणार नाहीत, आणि दोन वर्षांनी काम केलेला भाग न केलेल्यापेक्षा वाईट दिसेल.

कुदळ

रानवाट यांना अनुमोदन. घाणेरीचं तेवढं मी सांगतो.

वरून कोयत्याने छाटून उपयोग नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसतं ओढूनही उपयोग नाही, मूळ वरच तुटतं. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने जी मूळतोड पद्धत बसवली आणि कॉर्बेटसारख्या ठिकाणी वापरली, तीच करा.

आधी फांद्या गुडघ्याच्या उंचीवर छाटून बाजूला करा, म्हणजे बुंध्यापर्यंत हात पोचतो. मग बुंध्याभोवतीची माती खुरप्याने बाजूला घ्या. चार-सहा फांद्या जिथून निघतात तिथे एक गाठाळ, फुगलेला भाग दिसेल. साल खरखरीत आणि तिच्यावर बारीक बारीक डोळे. नवे फुटवे इथूनच येतात. त्याच्या खाली मूळ एकदम निमुळतं होतं आणि साल गुळगुळीत, फिकट दिसते. गाठाळ भाग संपतो त्याच्या खाली, म्हणजे जमिनीच्या पातळीखाली साधारण ३ ते ५ सेंमीवर, टिकावाच्या पात्याने एका घावात मुख्य मूळ तोडायचं. गाठ वर यायला हवी, खाली राहिलेल्या मुळाची काळजी नको, ते फुटत नाही. गाठीचा अर्धा भाग जरी जमिनीत राहिला तरी पंधरा दिवसांत हिरवे कोंब दिसतील. बहुतेक गटांचं काम इथेच फसतं, कारण मुरमात टिकाव आडवा घसरतो आणि घाव गाठीवर बसतो. खडक लागला तर पहारीने एका बाजूची माती सैल करून घ्या.

बाहेर काढलेलं झुडूप उलटं करून, मुळं वर, दगडावर किंवा दुसऱ्या झुडपाच्या काटक्यांवर ठेवा. ओल्या मातीला टेकलेली फांदी मूळ धरते. आठ-दहा उन्हाचे दिवस मिळून काटक्या कडकडीत वाळल्या, की त्याच उताराला आडव्या रचा, माती धरून ठेवतात. फळं असतील तर झुडपाला हात लावण्याआधी काळे-हिरवे घोस वेगळे खुडून गोणीत भरा आणि खताच्या ढिगात टाकू नका. बी तिथे मरेलच असं नाही. जाळणं तर नकोच, घनकचऱ्याच्या नियमांत बसत नाही आणि टेकडीवर ठिणगी उडाली की संपलं. घाणेरीचा पाला शेळ्या-गाईंना टाकू नका, विषारी असतो.

दुसऱ्या वर्षी कुठे बघायचं? बुलबुल जिथे बसतात त्या झाडांखाली. पक्षी फळ खाऊन फांदीवर बसतात, बी खाली पडतं. चौकोनभर शोधत बसण्यापेक्षा पळस-मेडशिंगीच्या सावलीतलं वर्तुळ आधी तपासा, बहुतेक नवी रोपं तिथेच सापडतात.

सुबाभूळ वेगळं प्रकरण आहे. तिचं बी कठीण कवचाचं, जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. मोठं झाड तोडलं की बुंध्यातून डझनभर फुटवे येतात, आणि ऊन मिळाल्यामुळे खालचं सगळं बी एकदम उगवतं. त्यामुळे मोठ्या झाडांना पहिली दोन वर्षं हात लावू नका. डिसेंबरपासून शेंगा तपकिरी व्हायला लागतात, त्याआधी आकडीने जितक्या हाताला येतील तितक्या हिरव्याच उतरवा. गुडघ्याखालची रोपं जुलैत चिमटीत बुंधा धरून सरळ वर ओढली की सोटमुळासकट येतात. त्याहून मोठी झाली की तुटतात. पुढे परवानगी काढून मोठी झाडं तोडायची झाली तर एकेक करून, आणि दर तीन आठवड्यांनी बुंध्याचे कोंब मोडायला माणूस ठरवून. कोंब सतत मोडत राहिलं तर बुंधा थकतो. एक पावसाळा दुर्लक्ष झालं की पुन्हा पहिल्यापासून.

उंदीरमारीबद्दल एकच सांगतो. तिचे ओले दांडके खुंटी किंवा रोपांची काठी म्हणून ठोकू नका. पंधरवड्यात पालवी फुटते आणि तुम्ही स्वतः नवीन उंदीरमारी लावलेली असते. पाला मात्र चांगलं हिरवळीचं खत आहे, पायथ्याच्या बागेतल्या वाफ्यांना घाला. उतारावर नको, जमिनीत नत्र वाढलं की तणांचंच फावतं.

गवत्या

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट सुटली. पुण्याच्या टेकड्या म्हणजे मुळात दाट जंगल नव्हे. विरळ झाडं, काटेरी झुडपं आणि मधे गवत, असाच त्यांचा पोत आहे. त्यामुळे 'जागा भरून आली' याचा अर्थ झाडांनी भरली असा घेऊ नका. घाणेरी काढलेल्या चौकोनात दुसऱ्या पावसाळ्याअखेर कुसळी, मारवेल, पवन्या अशा गवतांनी निम्म्याहून जास्त जमीन झाकली असेल तर तो चौकोन पास. त्यात चार झुडपं आणि एखादा पळस असला की भरपूर झालं.

२०० रोपांचं गणित करून बघा. जानेवारी ते मे रोपाला आठवड्याला किमान १० लिटर धरा (रोज तांब्याभर घालण्यापेक्षा एकदाच १० लिटर बरं, पाणी खाली जातं आणि मूळ त्याच्या मागे जातं). म्हणजे आठवड्याला २,००० लिटर, २० लिटरचे १०० कॅन, चढावर. आठ-दहा जणांना रविवारी दुसरं काहीच करता येणार नाही. शिवाय ५ जूनला पुण्यात मोसमी पाऊस बहुधा पोचलेलाही नसतो. फोटो निघतो, रोप आठ-दहा दिवस तापतं.

रोपं घ्यायचीच असतील तर २५ घ्या आणि ती खालच्या बागेच्या कडेला, नळाच्या टप्प्यात लावा. मेमध्ये दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे, दोन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल ओली झाली की लागवड. पिशवी पूर्ण काढा, तळाशी गुंडाळलेली मुळं ब्लेडने बोटाच्या पेराएवढी कापा. न कापलेलं मूळ खड्ड्यातही गोलच फिरत राहतं आणि झाड चौथ्या-पाचव्या वर्षी वाऱ्याला पडतं. कातळात खोदलेल्या खड्ड्यात पाणी तुंबतं, म्हणून खड्डा खोदल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही ते दिसलं तर ती जागा सोडा.

उतारावर रोपांऐवजी बी टाका, तेही त्याच टेकडीवरचं. पळसाच्या चपट्या शेंगा मेमध्ये झाडाखाली मिळतात. त्यातलं बी फार दिवस टिकत नाही, त्याच जूनमध्ये दोन-तीन सेंमी खोल आडवं ठेवून पेरा. बहाव्याचं बी कठीण असतं, कानशीने एका बाजूला कवच घासून रात्रभर भिजवा, फुगलेलंच पेरा. गवताचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताने ओरबाडून कागदी पिशवीत ठेवा. कुसळीचं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये पेरलं तर ठीक बसतं. मातीत गाडू नका, फार तर सेंटिमीटरभर.

आणि कॉसमॉस! केशरी फुलांची टेकडी सप्टेंबरात सुंदर दिसते, लोक फोटो काढायला येतात, आणि तुमच्या उघड्या चौकोनांत तोच सगळ्यात आधी घुसतो. फूल आलं की उपटा, बी धरायच्या आत. लोक भांडायला येतील, त्यांना शेजारचा चांगला कोपरा दाखवा.

पायथा

मनापासून आभार. जेसीबीला नाही कळवतो. दोन शंका आहेत. नवे लोक घाणेरीबरोबर देशी रोपंही उपटतात, ओळख कशी पटवायची? आणि सिडनीत आज हे काम कसं चालतं, औषध वापरतात का? गटातल्या एकाचा फवारणीवर फार भर आहे.

रानवाट

ओळखीसाठी चार पानं पुरतात. घाणेरीचं कोवळं रोप: पानं समोरासमोर, वरून खरखरीत, दांडा चौकोनी, पान चुरगळलं की तो उग्र वास. वास आला नाही तर उपटू नका, एवढा एकच नियम पहिल्या महिन्यात द्या. सुबाभूळ आणि बाभूळ-हिवर-खैर यांत गोंधळ होतो, सगळ्यांची पानं बारीक पिसांसारखी. बोट बुंध्यावरून फिरवा: सुबाभळीला काटा नसतो, बाकीच्यांना लहानपणीच जोडीने काटे येतात, खैराचे आकड्यासारखे वळलेले. पळसाचं त्रिदल जाड आणि कडक, आपट्याचं दोन पाकळ्यांचं, ही दोन सगळ्यांना लगेच येतात. गाजर गवत आणि टाकळा पहिल्या आठवड्यात शेजारी दाखवा. टाकळा उपटू नका, तो गाजर गवताला जागा देत नाही. गाजर गवत हातमोजे घालूनच आणि फुलायच्या आत काढा, काहींना त्वचेचा त्रास होतो.

ही ओळख खरं तर काकांकडूनच घ्या. गुडघे दुखत असले तरी खुर्ची टाकून चांगल्या कोपऱ्याच्या कडेला बसवा. त्यांच्यासमोर प्रत्येक रोपाजवळ रंगीत फीत लावा: लाल काढायचं, हिरवी ठेवायचं. कुठलं झाड आपोआप आलं, कुठलं लावलेलं, कुठल्या वर्षी वणवा लागून गेला, पळस कुठे मुळांतून फुटतो, हे सगळं चौकोनाच्या क्रमांकासह वहीत उतरवा. फोटो काढताना जागा पक्की ठेवा: एखादा न हलणारा दगड, त्यावर उभं राहून त्याच दिशेला, जून आणि नोव्हेंबरात.

हार्बरकाठ

सिडनीहून लिहितो. इथे आता बहुतेक नगरपरिषदांचे बुशकेअर गट (स्थानिक झाडोरा सांभाळणारे स्वयंसेवक) असतात. महिन्यातून एक-दोनदा काम, आणि गटाबरोबर परिषदेचा प्रशिक्षित पर्यवेक्षक. पुढे कुठे सरकायचं ते तो ठरवतो, स्वयंसेवक नाही. हे वेगळेपण मला महत्त्वाचं वाटतं, कारण उत्साही लोकांचा कल नेहमी नवा भाग उघडण्याकडे असतो.

औषधाबद्दल: ब्रॅडली बहिणी औषध वापरत नव्हत्या. आज वापरतात, पण फवारणी नव्हे. कडक खोडाच्या तणाला बुंध्याशी कापून काही सेकंदांत कापलेल्या भागावर छोट्या बाटलीतून ग्लायफोसेट हे तणनाशक लावतात, किंवा साल खरवडून लावतात. उशीर झाला की झाड कापलेली जागा बंद करतं आणि औषध आत जात नाही. भारतात २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फत करण्याचं बंधन घातलं. त्यामुळे सार्वजनिक बागेत स्वयंसेवकांनी त्या वाटेला जाऊच नये. वर दिलेल्या मूळतोडीने घाणेरी औषधाशिवाय मरते, मग हट्ट कशाला?

ब्रॅडली पद्धतीवर इथे टीकाही होते. जिथे जमिनीतलं देशी बीच संपलंय, उदाहरणार्थ भराव टाकलेली जागा, तिथे नुसतं तण काढून काही उगवत नाही, लागवड करावीच लागते. इथल्या काही झुडपांना उगवायला आग लागते, तीही या पद्धतीत येत नाही. तुमच्याकडे ट्रॅक बांधताना राडारोडा टाकलेला भाग असेल तर तो नियमाला अपवाद धरा.

बुटांचीही एक सवय आहे. काम सुरू करण्याआधी आणि नंतर तळव्यांची माती ब्रशने काढून निर्जंतुक करतात, फायटॉफ्थोरा नावाची मूळकूज एका भागातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. तुमच्याकडे कारण वेगळं असलं तरी वाईट चौकोनातून चांगल्या कोपऱ्यात जाताना तळव्याला चिकटलेलं गाजर गवताचं बी झटकायला ब्रश ठेवा.

सातबारा

कागदाची बाजू. 'तोंडी होकार आहे' यावर काम करू नका. उतार महापालिकेचा की वनविभागाचा हे आधी नकाशावर बघा, टेकडीपायथ्याला हद्द बरेचदा बागेच्या मधूनच जाते. महापालिकेचा असेल तर उद्यान विभागाचं लेखी पत्र घ्या. त्यात वर्ष, क्षेत्र, काय काढायचं (घाणेरी, गाजर गवत, गुडघ्याखालची सुबाभूळ) हे नावानिशी लिहून घ्या. मोठ्या झाडाला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे. 'सुबाभूळ परदेशी आहे, तिला कोण विचारतं' असं गृहीत धरू नका, तक्रार करणारा शेजारी ते गृहीत धरत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरतात, तिथे तर हातच लावू नका. वनविभागाची जमीन असेल तर काडीही त्यांच्या लेखी परवानगीनेच.

परदेशातल्या मित्रांकडून पैसे घेणार असाल तर: भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र धरतात, मग तो जन्माने मराठी असो. परकीय देणगी कायद्याखालची (FCRA) नोंदणी नसेल तर अशी देणगी घेऊ नका.

कुदळ

शेवटी अवजारांबद्दल, कारण मला दोन निरोप आलेत. दहा जणांना: टिकाव ३ (पातं अरुंद, चार बोटांचं, रुंद पात्याचा मुरमात उपयोग नाही), पहार १, खुरपी ६, सिकेटर (छाटणीची कात्री) ४, लांब दांड्याचा लॉपर १, आकडी १, चामड्याचे हातमोजे सगळ्यांना. घाणेरीचे बारीक काटे कापडी मोज्यातून आत जातात. बंद बूट आणि लांब पँट सक्तीची. जाळीत हात घालण्याआधी काठीने दोनदा आपटा, घोणस आणि फुरसं दोन्ही या झुडपांखाली बसतात. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे, हे आधी फोन करून विचारून ठेवा. पावसाळ्यात झुडपात बुलबुलाचं घरटं दिसलं तर ते झुडूप फीत बांधून ठेवा, पिल्लं उडाल्यावर काढा. आणि एकदम सगळी घाणेरी काढली तर पक्ष्यांचं खाद्य जातं. करवंद, बोर, अमोणी चांगल्या कोपऱ्यातून पसरायला दोन-तीन वर्षं लागतील, तोवर लांबच्या टोकाची घाणेरी आहे तशी राहू दे.

जाळरेषेचं रानवाट यांनी म्हटलंच. रुंदी किमान तीन मीटर, वरच्या वाटेच्या बाजूने, वनविभाग १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतो त्याच्या आत पूर्ण. गवत बी सांडल्यावरच कापा, म्हणजे नोव्हेंबरअखेरनंतर.